सुई, तबकडी आणि वही

शताब्दी-स्मरणिकेसाठी बेळगाव परिसरातील संगीताच्या आवडीविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम मनात आली ती गवयांची नावे. ती आठवणे सोपे असते. एका बाजूला हुबळी-धारवाड, दुसऱ्या बाजूला मिरज, कुरुंदवाड, कोल्हापूर आणि घाट उतरला की गोवा, अशा मुलखाच्या मधोमध वसलेल्या गावाला थोर गायकांची वाण कधी पडली नाही. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. परंतु ज्यांनी आयुष्यात कधी तंबोरा हाती धरला नाही, ज्यांना मोठ्या मैफलीचे तिकीट वर्षातून एखाद्या वेळीच परवडे, आणि तरीही जे रोज संध्याकाळी माजघराचे दार ओढून घेऊन एकदोन तबकड्या जिवाचा कान करून ऐकत, त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला आढळत नाही. गाण्याच्या इतिहासात श्रोता हा नेहमी 'रसिक श्रोते' या सामूहिक नावानेच येतो आणि तसाच निघून जातो. प्रस्तुत लेखात अशा एका श्रोत्याच्या आधाराने या घरगुती छंदाची हकीकत सांगण्याचा प्रयत्न आहे.

हा श्रोता म्हणजे माझे आजोबा. ते माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. त्यांची एक वही माझ्यासमोर आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे उधारी मांडायला असते तशी. पहिली नोंद १९३४ च्या दिवाळीची, शेवटची १९६१ च्या मे महिन्यातील. एकूण तबकड्या २१२. प्रत्येक तबकडीपुढे कंपनी, क्रमांक, गायक, राग किंवा पद, कोठून घेतली, आणि त्यापुढे दोन चमत्कारिक रकाने : एकाचे नाव 'पट्टी' आणि दुसऱ्याचे 'आतला आकडा'. या दोन रकान्यांचा अर्थ मला समजायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. तो यथावकाश सांगेन.

तबकडी आपल्याकडे आली ती विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ दाखविला तो नळकांड्यावर आवाज कोरणारा होता. एमिल बर्लिनर याने पुढे दहा वर्षांनी सपाट चकतीची कल्पना काढली आणि तीच व्यापाराला सोयीची ठरली, कारण एका साच्यावरून हजारो चकत्या छापता येत. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरला, एका हॉटेलात त्याने आपले यंत्र मांडले आणि त्या नोव्हेंबरात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. मुद्रणाचे साचे बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या छापल्या जात आणि पुन्हा बोटीने इकडे येत. छापखान्यातल्या जर्मन कामगाराला कोणते गाणे कोणाचे हे कळावे कसे? म्हणून गाणे संपता संपता गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे. गौहरजानची ती खणखणीत इंग्रजी ओळख आजही ऐकावयास मिळते. तिच्यात जो ठसका आहे तो पाहता, ही केवळ कारखान्याची सोय होती असे म्हणवत नाही. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि हा सागरप्रवास थांबला.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या तबकड्यांचे मुख्य द्रव्य लाख. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू एकत्र बांधणारी ही लाख छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून युरोपात जाई. म्हणजे आपल्याच झाडावरच्या किड्यांनी तयार केलेली लाख परदेशी जाऊन आपल्याच गाण्याचा ठसा अंगावर घेऊन परत येत असे. दादाभाईंच्या अर्थशास्त्रात हे उदाहरण चपखल बसले असते.

सुरुवातीच्या मुद्रणात विजेचा संबंध नव्हता. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्यात जवळजवळ तोंड घालून गावे, तबलजीने अंतर राखावे, पेटी कोठेतरी मध्ये असावी, आणि सगळ्यांनी मिळून तीन-सव्वातीन मिनिटांत कारभार आटोपावा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. विलंबित ख्यालाचा एकेक आवर्तन-विस्तार ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही अट काय प्रकारची होती हे सांगावयास नको. काही गवयांनी ती अपमान मानली. काहींनी मात्र तिच्यातून एक नवीच कला निर्माण केली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना कधी घाई झाल्यासारखे वाटत नाही. पोस्टकार्डावर सगळा मजकूर बसवून पुन्हा सहीपुरती जागा राखणारा माणूस असतो, तसे त्यांचे ते गाणे. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेचे मुद्रण आले, त्यामुळे हळुवार स्वरही पकडता येऊ लागले. खाँसाहेबांचे १९३० च्या दशकातले मुद्रण म्हणूनच आज आपल्याला अधिक जवळचे वाटते.

आमच्या या भागात तबकडीने काय केले हे पाहण्यासाठी तीन नावे पुरेत. गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा दुकानासमोर उभा राहून अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंजोटीतली ठुमरी ऐकत असे आणि असे गाता आले पाहिजे म्हणून घरातून निघाला, ही हकीकत भीमसेन जोशी स्वतःच सांगत. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. जागा, हरकत, एवढेच काय पण त्या त्या गवयाच्या आवाजाचा वळसाही. त्याच करामतीवर त्याला लहान वयात 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. पुढे याच कुमारांनी कोणाचीही नक्कल नसलेले गाणे निर्माण केले, हा भाग वेगळा; परंतु त्यांची बाराखडी तबकडीची होती हे विसरता येत नाही. तिसरे नाव गंगूबाई हनगल यांचे. त्यांच्या पहिल्या तबकड्यांवर 'गांधारी' असे नाव आहे. ज्यांनी गंगूबाईंचा उत्तरायुष्यातला भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज ऐकला आहे, त्यांना ही पातळ, उंच, तीक्ष्ण गांधारी कोणी दुसरीच बाई वाटेल. मधल्या काळात घशाच्या दुखण्याने आवाज पालटला होता. त्यांचा तरुण आवाज कसा होता, याला त्या तबकड्यांवाचून दुसरा पुरावा नाही. कोणी कितीही रसाळ वर्णन लिहून ठेवले असते तरी ते आपल्याला खरे वाटले नसते.

वहीत गांधारीच्या दोन तबकड्या आहेत. एकीपुढे शेरा आहे, 'मऊ सुई'.

आता या सुईविषयी. आजच्या पिढीला ग्रामोफोन दिसतो तो हॉटेलांतून शोभेला ठेवलेला, पितळी कर्ण्याचा. घरोघरी होता तो मात्र बहुधा पेटीचा, झाकण उघडून बाजूला चावी देण्याचा. आमच्याकडे तसाच होता. स्प्रिंगला पूर्ण चावी दिली की एक बाजू निर्वेध वाजे. दुसरीच्या शेवटी मात्र यंत्र दमे आणि गवयाचा षड्ज हळूहळू खाली घसरू लागे. सुई पोलादी, आणि ती मुद्दाम जरा मऊ पोलादाची. तबकडीतल्या दगडाच्या पुडीने सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाचे व्हावे अशी ती योजना. एक बाजू वाजली की ते टोक झिजून छिन्नीसारखे होई, म्हणून सुई टाकून द्यावयाची. दर बाजूला नवी सुई हा नियम. न पाळला तर सुई नाही, गाणेच झिजते. परंतु सुईलाही पैसे पडतात, आणि शिक्षकाचा पगार तो केवढा! त्यामुळे बहुतेक घरांत एकेका सुईवर आठ-दहा बाजू वाजत आणि वर्षा-दोन वर्षांत तबकडी करडी पडे. आजोबांनी यावर काढलेला तोडगा असा, की तबकड्या कमी घ्याव्यात, परंतु सुई मात्र रोज नवी. महिन्याला एक तबकडी. हलक्या आवाजासाठी बारीक सुया मिळत आणि बांबूच्याही मिळत, त्यांनी आवाज दबे परंतु तबकडी वाचे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत परदेशी सुयांच्या डब्या मिळत. त्या घाटावर कशा येत हे आजोबांनी वहीत लिहिलेले नाही, मीही कल्पना करीत नाही.

'पट्टी' या रकान्याचा उलगडा मला एका पेटीवाल्याने करून दिला. या तबकड्यांना आपण ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, परंतु आरंभीच्या काळात सगळ्या खरोखर तेवढ्या गतीने मुद्रित झालेल्या नव्हत्या. कोणती सत्तरीच्या आसपास, कोणती ऐंशीच्या वर. आणि गती बदलली की स्वरही बदलतो. अठ्ठ्याहत्तरची तबकडी साडेब्याऐंशी फेऱ्यांनी फिरविली तर काळी एकमधला गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. आवाज पातळ होतो, तानेला खोटा वेग येतो. अशा चुकीच्या गतीवर ऐकून 'काय तयारी होती पूर्वीच्या लोकांची!' असे उद्गार काढणारे मी पाहिले आहेत. आजोबा काय करीत, तर शेजारच्या घरातली पेटी आणून तबकडीतल्या पेटीच्या स्वराशी ताडून पाहत आणि गतीचा स्क्रू फिरवीत फिरवीत कोणत्या पट्टीला आवाज 'माणसाचा' वाटतो ते ठरवीत. मग ती पट्टी वहीत. पुढे घरात वीज आल्यावर त्यांनी पुठ्ठ्याची एक चकती केली, तिच्या कडेला ७७ काळ्या रेघा आखल्या. विजेच्या दिव्याखाली ती तबकडीवर ठेवून फिरविली आणि रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या, की गती बरोबर अठ्ठ्याहत्तर. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. सहा हजारांना सत्त्याहत्तरने भागा, उत्तर अठ्ठ्याहत्तरच्या जवळ येते. गणिताच्या मास्तरांना यात गाण्याइतकाच आनंद होत असला पाहिजे.

'आतला आकडा' याहून महत्त्वाचा. तबकडीच्या कागदी वर्तुळावर गायक, राग, कंपनीचा क्रमांक छापलेला असे, परंतु साल नसे. त्या वर्तुळालगतच्या कोऱ्या कडेत मात्र बारीक आकडे आणि अक्षरे कोरलेली असत. तो मूळ मुद्रणाचा क्रमांक. पुढे अभ्यासकांनी कंपन्यांच्या दप्तरांशी हेच क्रमांक ताडून कोणते गाणे केव्हा, कोणत्या गावी मुद्रित झाले याचे इतिहास रचले. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाचा १८९९ ते १९०८ मधील भारतीय मुद्रणांवरचा ग्रंथ १९९४ साली आला, तो या प्रकारच्या कष्टांचा नमुना आहे. आजोबांना या शास्त्राची काही वार्ता नव्हती. छापलेला क्रमांक एकच असूनही दोन प्रतींत गाणे किंचित निराळे आहे, हे त्यांच्या कानाने एकदा टिपले, आणि मग फरक कोठे आहे ते शोधताना तो कोरलेला आकडा त्यांना दिसला. तेव्हापासून त्यांनी तो लिहिण्याचा शिरस्ता ठेवला. मला वाटते, छंदिष्ट आणि नुसता हौशी यांच्यातला फरक हाच. हौशी माणूस गाणे ऐकतो. छंदिष्ट गाणे ऐकतोच, शिवाय ज्या वस्तूतून ते आले तिच्याकडेही पाहतो.

ही वही मी अनेक वर्षे फक्त पुढून वाचीत होतो. मागून उघडली तेव्हा आत दुसरे हस्ताक्षर निघाले. ते आजीचे. पेन्सिलीने, मोडीची वळणे मध्येच डोकावणाऱ्या बाळबोधीत, पदेच्या पदे उतरवून घेतलेली. जेथे शब्द ऐकू आला नाही तेथे रेघ, आणि काही ठिकाणी त्या रेघेवर दुसऱ्या शाईने नंतर भरलेला शब्द. म्हणजे हा छंद केवळ आजोबांचा, अशी माझी समजूत होती ती चुकीची.

याला सामाजिक इतिहासात मोठा अर्थ आहे. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत गाणाऱ्या बायका बहुतेक पेशेवाल्या होत्या. त्यांच्या बैठकीला प्रतिष्ठित घरांतले पुरुष जात किंवा जात नसत. स्त्रिया जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. नाटकालाही सर्व घरांतल्या सुना जात असे नाही. ज्या बाईची सावली उंबरठ्यावर पडू दिली नसती तिचा आवाज तबकडीच्या रूपाने थेट माजघरात येऊन बसला. चुलीपाशी काम करता करता ऐकणाऱ्या स्त्रियांनी तो आपलासा केला. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, दीनानाथ यांची पदे ज्या खेड्यांत संगीत नाटकाची कनात कधी लागली नाही तेथपर्यंत पोचली ती अशीच. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने तिकीट लावून सभागृहात गाण्याची प्रथा रूढ केली, तिला मध्यमवर्गीय स्त्रियांची गर्दी झाली. त्या स्त्रियांचे कान आधीच कोणी तयार करून ठेवले होते, हा विचार मराठी संगीतसमीक्षेत फारसा झालेला नाही. आजीच्या उतारेवजा पानांत एक तारीख आहे, १९३९ सालातली, आणि तिच्याखाली फक्त एवढे : 'आज घरी कोणी नव्हते. चार वेळा लावली.' कोणती तबकडी, ते लिहिलेले नाही.

जे तबकडीवर आले नाहीत त्यांचीही आठवण येथे केली पाहिजे. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. मुंबईत ध्वनिमुद्रणाची सर्व साधने होती. त्यांचा एकही स्वर आपल्याकडे नाही. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकविणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचीही तबकडी नाही. त्याच १९२२ साली वारलेले ग्वाल्हेरचे रहिमत खाँ मात्र अगदी उतारवयात यंत्रासमोर बसले आणि हद्दू खाँच्या मुलाचा आवाज कसा होता हे आज कोणालाही घरबसल्या ऐकता येते. खाँसाहेब शेवटी कुरुंदवाडला राहिले, म्हणजे आपल्या शेजारीच. आवाज थकलेला आहे, मुद्रण अपुरे आहे. आजोबांच्या वहीत या तबकडीपुढे काही शेरा नाही. इतर प्रत्येकीपुढे आहे.

१९५० च्या जानेवारीत धारवाडचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि फुकट गाणे घरी येऊ लागले. वहीतल्या नोंदी त्यानंतर विरळ होतात. तरी रेडिओने तबकडी मारली असे म्हणता येणार नाही. रेडिओला 'पुन्हा एकदा' म्हणता येत नाही ही त्याची उणीव राहिलीच. खरा बदल झाला तो दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीने. अमेरिकेत ती १९४८ साली निघाली, आपल्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस रुळली. लाखेच्या जागी प्लास्टिक, ७८ च्या जागी साडेतेहतीसहूनही किंचित कमी फेऱ्या आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी १९६० ची तबकडी ज्यांनी प्रथम ऐकली त्यांना ख्याल घरात खऱ्या अर्थाने पहिल्यांदा आल्यासारखे वाटले असेल. अर्थात जुन्या तबकड्या लगेच गेल्या नाहीत. बीटल्सची गाणी जगात इतरत्र छोट्या प्लास्टिकच्या तबकड्यांवर निघत होती तेव्हा भारतात ती ७८ फेऱ्यांवरही छापली जात होती, आणि आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात.

सत्तरीच्या दशकात या छंदाने नवे रूप घेतले. मी ज्या महाविद्यालयात शिकवितो तेथील पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त सहकारी त्या पिढीचे. त्यांच्या घरी व्हॉल्व्हचा, स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर होता आणि जुन्या सागवानी दारांच्या फळ्यांतून सुताराकडून करून घेतलेल्या दोन स्पीकरपेट्या. बेळगावात ओतकाम आणि यंत्रकामाचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे तबकडी फिरविणाऱ्या थाळीसाठी जड बिडाचे चाक ओतून घेणे त्यांना अवघड गेले नाही. जड चाकामुळे गतीतला थरकाप कमी होतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबरच होते. मात्र त्यांच्याकडे संध्याकाळी गेलो की पाऊण तास स्पीकर भिंतीपासून किती बोटे दूर ठेवावेत यात जाई आणि गाणे दहा मिनिटे. हा रोग या छंदाला जडलेलाच आहे. आजोबांनाही थोडा होता. परंतु आजी चहा घेऊन आली की पेटीचे झाकण उघडलेच पाहिजे, असा घरचा रिवाज असल्याने तो हाताबाहेर गेला नाही.

आता जे सांगणे टाळीत आलो ते सांगतो. १९८८ साली मी एम. ए. च्या पहिल्या वर्षाला होतो. आजोबा जाऊन चार वर्षे झाली होती, आजी डोळ्यांनी अधू. घरात कॅसेटचा टेपरेकॉर्डर आलेला. माळा रिकामा करावयाचा होता. तबकड्यांच्या चार पेट्या होत्या. एकेक पेटी उचलताना कंबर मोडे, कारण लाखेची तबकडी जड. रद्दीवाल्याने प्रथम नको म्हटले. मग म्हणाला, 'द्या साहेब, वजनावर घेतो, पण फुटक्या वेगळ्या काढा.' मी बसून फुटक्या वेगळ्या काढल्या. किती पैसे आले ते आठवते, परंतु लिहिणार नाही. त्यांतून मी मेहदी हसनच्या दोन कॅसेट घेतल्या. आजीने संध्याकाळी विचारले, 'अरे, माळ्यावर एवढा आवाज कसला चालला होता?' मी म्हटले, 'साफसफाई.' ती काही बोलली नाही. वही वाचली ती केवळ ती माळ्यावर नव्हती, आजीच्या उशाशी पोथ्यांत होती म्हणून.

जे मी केले ते त्या दशकात गावोगाव झाले. कंपन्यांकडेही सर्व काही उरले असे नाही. मूळ साचे धातूचे. आणि ज्याला बाजार नाही त्या धातूचे शेवटी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे आज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळसे गाणे आपल्यापाशी आहे ते कोणाच्या तरी घरच्या कपाटातून निघालेल्या एखाद्या प्रतीच्या आधाराने. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली, तिने अशा घरगुती संग्राहकांना एकत्र आणले, याद्या छापल्या, सभा भरविल्या. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. तेव्हा आजोबांच्या वहीतली अखेरची तबकडीसुद्धा आज कोणालाही मुक्तपणे उतरवून घेता येईल. अडचण हक्काची उरलेली नाही, तबकडीची आहे.

ज्यांच्या घरी अजून काही असेल त्यांच्यासाठी, मला चुका करून कळलेल्या दोन-चार गोष्टी. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख स्पिरिटात विरघळते. शुद्ध पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे, आणि मधला कागद भिजू देऊ नये. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. नव्या यंत्रावर वाजवावयाच्या तर सुई ७८ ची वेगळी घ्यावी. तिचे टोक इंचाच्या सुमारे तीन हजारांश असते. प्लास्टिकच्या तबकडीची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथे केवळ धूळ आणि खरखर ऐकू येते. लोक त्यावरून म्हणतात, जुन्या तबकडीत गाणे उरलेच नाही. गाणे खाचेच्या भिंतीवर असते.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, त्यांच्यावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. ज्या बाई रेडिओपासून दूर राहिल्या, मुद्रणाविषयी जन्मभर साशंक असत, त्यांचे गाणे ७८ च्या मापात बसलेले होते म्हणून तेथवर गेले. पाठविणाऱ्यांनी आणखी एक शहाणपण केले. तबकडीसोबत सुई ठेवली आणि ती किती गतीने फिरवावी याची आकृती वरच्या आवरणावर कोरली. आजोबांना हे मान्य झाले असते.

गेल्या बारा वर्षांत मी कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील जुन्या बाजारांतून आणि काही स्नेह्यांच्या माळ्यांवरून वहीतल्या नोंदींशी जुळणाऱ्या तबकड्या जमवीत आहे. 'आतला आकडा' जुळल्याशिवाय घेत नाही. आजवर एकतीस मिळाल्या. त्यांतल्या एकीच्या कागदावर पेन्सिलीने बारीक 'काळी १' लिहिलेले आहे. अक्षर आजोबांचे आहे असे मला वाटते, परंतु तेवढ्या दोन खुणांवरून सांगणे धाडसाचे होईल. उरलेल्या १८१ तबकड्यांची यादी, दोन्ही आकड्यांसह, मी आपल्या वाचनालयात संदर्भविभागाच्या टेबलावर ठेवली आहे. सभासदांनी आपापल्या घरचे माळे आवरण्यापूर्वी ती एकदा पाहावी. रहिमत खाँसाहेबांची तबकडी अजून मिळालेली नाही.